मुंबईत रायफल नेमबाजी: पहिल्या तासापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

"ते लोखंडी मेंढे पाडतात ना, तसलं काही मुंबईत शिकवतात का हो मॅडम?" डबा खाताना ऑफिसातल्या एका मुलाने मला विचारलं. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. एक माणूस रायफल खांद्याला लावून उभा, पार लांब पट्टीवर काळ्या लोखंडी आकृत्या मांडलेल्या. टण् आवाज येतो, एक आकृती मागे कोसळते.

हा खेळ सिल्हूट शूटिंग, मूळचा मेक्सिकोचा. चार प्राणी ठरलेले: कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा. मोठ्या रायफलच्या प्रकारात कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर. पाच-पाच आकृत्यांची रांग, पाच गोळ्यांना अडीच मिनिटं. डावीकडून उजवीकडे क्रमानेच मारायचं, क्रम चुकला की ती गोळी फुकट. आकृती पडली तर एक गुण. गोळी लागूनही ती उभीच राहिली तर शून्य. आणि सगळं उभ्याने, कशालाही न टेकता.

आता मुंबईत ५०० मीटर मोकळी जागा सापडलीच, तर तिथे मेंढ्याआधी टॉवर उभा राहील. त्यामुळे ज्याला हा नाद लागला आहे त्याला मी १० मीटर एअर रायफलकडे (दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल, टार्गेट दहा मीटरवर) पाठवते. तिथेही रायफल हातात, पाय जमिनीवर, टेकू नाही. मेंढ्याच्या जागी कागदावरचं काळं वर्तुळ, एवढाच फरक. इथल्या रेंजवर हे रीतसर शिकता येतं, स्पर्धा वर्षभर असतात आणि वयाची अडचण नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. मी काही मोठी खेळाडू नाही, डोंबिवलीहून फोर्टला नोकरी करून उरलेल्या वेळात खेळणारी आहे. हे लिहिलंय तेही अशाच लोकांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळे नेमके तिथेच चुकतात. रायफल सर्वांत शेवटी घ्यायची. आधी उभं राहायला शिका.

रेंज शोधताना

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. मुंबईच्या नेमबाजीचं हे जुनं घर. अंजली भागवत (तेव्हाची वेदपाठक) कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून इथे आली, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडेही इथल्याच, आणि या सगळ्यांना घडवणारे संजय चक्रवर्ती सरही. दादरला शिवाजी पार्कासमोर सावरकर स्मारकातही रायफल शूटिंग शिकवतात. पनवेलच्या बाजूला राहत असाल तर सुमा शिरूर यांची लक्ष्य ही संस्था तिकडे आहे. यांखेरीज उपनगरांत, ठाण्यात, शाळा-कॉलेजांच्या तळमजल्यांवर छोट्या दहा मीटर रेंज निघाल्या आहेत. दहा मीटरला फार जागा लागत नाही ना!

नाव पाहून भुलू नका, जाऊन बघा. मी पाहते ते असं. सुरुवातीला क्लबची रायफल वापरायला मिळते का, की पहिल्याच दिवशी विकत घ्या म्हणतात? दुसरं असेल तर चपला घाला आणि निघा. हवेचं सिलिंडर भरायची सोय तिथेच आहे का? टार्गेट दोरी-पुलीचं कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक? (सुरुवातीला कागद बरा. भोक डोळ्यांनी दिसतं, स्क्रीनवरच्या आकड्यांचं व्यसन लागत नाही.) कोच एका वेळी किती जणांकडे बघतात? आणि मुंबईकरासाठी सर्वांत मोठा प्रश्न: घरच्या दारापासून लेनपर्यंत, म्हणजे रेंजवरच्या आपल्या उभं राहायच्या जागेपर्यंत, पोचायला किती वेळ लागतो? माझ्या पाहण्यात सव्वा तासाच्या वर गेलं की माणूस तिसऱ्या महिन्यात गळतो, मग कोच कितीही नावाजलेले असोत. घराजवळची साधी रेंज घ्या.

आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, फोटो सोबत ठेवा. जन्मतारीख पुढे प्रत्येक फॉर्मवर लागते, कारण वयोगट त्यावरच ठरतो.

पहिला दिवस: सुरक्षितता, बाकी काही नाही

पहिल्या दिवशी कदाचित तुम्हाला एकही पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) मारू देणार नाहीत. चांगली खूण आहे.

नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. गप्पा मारताना, चष्मा पुसताना, मागून कोणी हाक मारली तरीही. रायफल हातात असताना वळायचंच नाही, मान वळवायची तर आधी रायफल स्टँडवर ठेवायची. बोट ट्रिगरवर नेम धरल्यावरच. रायफल वापरात नसली की नळीतून भडक रंगाची सेफ्टी दोरी घातलेली हवी. ती पूर्ण नळीतून जाऊन दोन्हीकडून दिसली म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही कळतं. टार्गेट बदलायला कोणी पुढे गेलं असेल तर रायफलला हातही लावायचा नाही.

आणि हात धुवा, साबणाने. पेलेट शिशाचे असतात, दिवसभर चिमटीत धरून बोटं करडी पडतात. रेंजवरून निघून थेट वडापावच्या गाडीवर जाणारे मी पाहिलेत, मीही त्यांतलीच होते. कोचनी एकदा माझी बोटं कागदावर पुसून दाखवली, तेव्हापासून आधी नळ, मग वडापाव.

उभं राहणं

इथे वेळ घाला. पहिले दोन महिने यातच गेले तरी चालेल.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने टार्गेटकडे तोंड करायचं नाही, डावी कूस करायची. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, दोन्ही गुडघे सरळ पण ताठ आवळलेले नकोत. डावी कंबर थोडी पुढे, टार्गेटच्या दिशेने जाते. डावं कोपर त्या कमरेच्या हाडावर येऊन बसतं. रायफलचं वजन हाताने पेलायचं नसतं, ते कोपरातून हाडावर, हाडातून पायात, पायातून फरशीत गेलं पाहिजे. रायफल चार-पाच किलोची असते, नियमाने ५.५ किलोपर्यंत चालते. स्नायूंनी उचलून ठेवली तर विसाव्या शॉटला दंड थरथरायला लागतो. पाण्याची कळशी कमरेवर घेणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. कूस बाहेर, अंग किंचित मागे, भार हाडावर. माझ्या आजीची ती ढब आठवली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा ही पोझिशन कळली.

डोकं सरळ. गाल रायफलकडे न्यायचा नाही, रायफल गालाकडे आणायची. ती येत नसेल तर गालपट्टी आणि खांद्याची पट्टी कमी-जास्त करून घ्यायची. मान वाकवून जुळवून घेतलं तर महिन्याभरात मान धरते, आणि नेमही रोज वेगळ्या जागी बसतो.

आता परीक्षा. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. नळी कुठे बघतेय? काळ्यावर असेल तर उत्तम. डावीकडे किंवा उजवीकडे गेली असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. बोटभर, अर्धं बोट. पुन्हा डोळे मिटा. हाताने ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी पळते, आणि पेलेट तोवर नळीतच असतं. ताशी साधारण सहाशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या पेलेटालाही नळीतून बाहेर पडायला वेळ लागतोच.

हे डोळे मिटणं मी अजूनही प्रत्येक दहा शॉटनंतर करते. कंटाळवाणं आहे. पण स्कोअर घसरला आणि कारण सापडत नसेल, तर दहापैकी सात वेळा पायच हललेले असतात.

नेम आणि ट्रिगर

मागे डायऑप्टरचं (नेम धरायच्या मागच्या साइटचं) बारीक छिद्र, पुढच्या नळकांड्यात एक रिंग, लांब टार्गेटचं काळं. तीन गोल एकात एक. काळ्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की झालं. नवशिक्याला वाटतं, पुढची रिंग जितकी घट्ट तितका नेम अचूक. उलट होतं. घट्ट रिंगमध्ये प्रत्येक हेलकावा मोठा दिसतो, माणूस त्याच्यामागे धावतो आणि नेमक्या वाईट क्षणी ट्रिगर ओढतो. मोठी रिंग घ्या.

दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आवळला जातो. त्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावा, ब्लाइंडर म्हणतात तिला. ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको, स्पर्धेत मोजतात.

टार्गेटचं अख्खं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं. त्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, बॉलपेनने टेकवलेल्या टिंबाएवढा. पेलेटची कड त्याला शिवली तरी दहा. दशांशात मोजलं तर मधोमध १०.९. बीजिंगला २००८ साली अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकताना शेवटचा शॉट १०.८ मारला, म्हणजे केंद्रापासून अर्धा मिलिमीटरसुद्धा बाहेर नाही. हे वाचून घाबरू नका, मीही घाबरले होते. रायफल कोणाचीच स्थिर राहत नसते. ती थोडी डुलतच असते, आपण त्या डुलण्याचा परीघ लहान करत जातो.

ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला सैल, दुसऱ्यावर बोट थांबतं. श्वास अर्धा सोडून थांबला, काळं रिंगेत उतरलं, की दुसऱ्या टप्प्यावरचा दाब वाढवत न्यायचा. "आत्ता!" म्हणून झटका दिला की शॉट गेलाच समजा, बहुधा उजवीकडे किंवा खाली. साधारण आठ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्या. डोळा थकतो, हवा संपते, आणि मनात "आता मारूनच टाकू" सुरू होतं. स्पर्धेत माझे सगळ्यांत वाईट शॉट याच "मारूनच टाकू"चे आहेत.

शॉट सुटल्यावर दोन-तीन सेकंद तसंच थांबा. टार्गेट पाहण्याआधी मनात म्हणा: "साडेनऊ, दोन वाजता", म्हणजे गुण साडेनऊ आणि भोक घड्याळातल्या दोनच्या दिशेला. मग बघा. तुमचं म्हणणं आणि भोक जुळलं की तंत्र ताब्यात येतंय असं समजा. जुळलं नाही, म्हणजे शेवटच्या क्षणी डोळा नाहीतर लक्ष सुटलं होतं.

पहिल्या महिन्यात टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू समोर. नेम धरायला काहीच नाही, फक्त पाच पेलेटांचा झुबका जवळ यायला हवा. झुबका एका जागी आला की साइटच्या क्लिकने तो मधे आणता येतो. एका शॉटवरून साइट फिरवत बसणारा माणूस दिवसभर स्वतःच्याच मागे पळतो.

घरी, वन बीएचकेमध्ये

रेंजवर आठवड्यातून दोनदा जाता आलं तरी बरं. बाकी काम घरी, पेलेट न घालता. याला ड्राय म्हणतात. हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलमध्ये त्याची वेगळी सोय असते. स्प्रिंगची रायफल मात्र रिकामी सोडू नका, आतलं बिघडतं.

दहा मीटर घरात नसतातच. तीन मीटरवर भिंतीला सुमारे ९ मिलिमीटरचा काळा ठिपका लावा, तो दहा मीटरवरच्या काळ्याएवढाच दिसतो. उंची १.४ मीटर, रेंजवर असते तीच. आणखी चांगला व्यायाम म्हणजे कोरी भिंत. समोर काहीच नाही, फक्त रिंग स्थिर ठेवायची आणि ट्रिगर सोडताना ती हलते का हे पाहायचं. रोज पंधरा मिनिटं. तासभर करू नका, दमलेलं शरीर चुकाच पाठ करतं.

पडदे ओढून घ्या. माझ्या समोरच्या इमारतीतल्या आजींनी एका संध्याकाळी मला खिडकीत रायफल धरून उभी पाहिलं, आणि दहा मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात. चहा पाजला, सेफ्टी दोरी दाखवली, क्लबचं ओळखपत्र दाखवलं. आता त्या आजी भेटल्या की "काय, मेडल कधी?" विचारतात. पण ती संध्याकाळ टाळता आली असती.

मेंढ्यांचा कागद

पहिल्या दोन-तीन महिन्यांनी मी एक खेळ सुरू केला, तो इथे सांगण्यासारखा आहे. सिल्हूटच्या आकृत्या आणि त्यांची अंतरं अशी बसवलेली आहेत की नेमबाजाच्या डोळ्याला चारही प्राणी जवळजवळ सारखेच लहान दिसतात. माझ्या हिशेबाने दहा मीटरवर तो आकार साधारण दीड सेंटिमीटरचा होतो, म्हणजे आपल्या टार्गेटवरच्या सातच्या वर्तुळाएवढा. तर कागदावर काळ्या मार्करने एका रांगेत दीड-दीड सेंटिमीटरचे पाच मेंढे काढायचे. (माझे शेळ्यांसारखे दिसतात. चालतं.) कागद नेहमीच्याच पेलेट ट्रॅपवर (पेलेट अडवणाऱ्या पेटीवर) लावायचा, मोबाइलवर अडीच मिनिटं, डावीकडून उजवीकडे पाच शॉट. काळ्यात भोक म्हणजे पडला, बाहेर म्हणजे उभा.

दहा मीटरच्या खेळात वेळ भरपूर असतो, त्यामुळे माणूस चेंगट होतो. रायफल उचल, ठेव, पुन्हा उचल. इथे शॉटमागे तीस सेकंद. त्यात पेलेट भरायचं, उचलायचं, जुळवायचं, सोडायचं, आणि पुढच्या मेंढ्यासाठी पाय अगदी केसभर फिरवायचे. पहिल्यांदा माझे दोनच पडले, आणि चौथ्याला घंटा वाजली. दोन-तीन आठवड्यांत कळलं की मी जुळण्याची वाट पाहत नव्हते, सर्वांत सुंदर जुळण्याची पाहत होते. मेंढ्याला सुंदर-बिंदर काही कळत नाही. पडला की पडला. त्यानंतर माझ्या नेहमीच्या साठ शॉटच्या खेळातही रायफल विनाकारण खाली घेणं कमी झालं.

खरी लोखंडी आकृती मात्र दहा मीटरवर लावू नका. शिशाचे तुकडे मागे उडतात. एअर रायफलच्या खऱ्या सिल्हूटमध्ये आकृत्या मूळच्या एक दशांश मापाच्या असतात आणि २० ते ४५ यार्डांवर ठेवतात, सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असतो. गच्चीवर किंवा कॉरिडॉरमध्ये हा प्रयोग करायचा विचार मनात आला असेल तर तिथेच सोडून द्या.

कपडे आणि वस्तू

मी घेईन तो क्रम: बूट, ग्लोव्ह, जॅकेट, पँट, आणि मग रायफल. नेमबाजीचे बूट सपाट, रुंद तळाचे असतात. पाय फरशीला चिकटल्यासारखा वाटतो, कमरेपर्यंत फरक जाणवतो. बूट घेईपर्यंत जाड उंच टाचेचे स्पोर्ट्स शूज नकोत, साधे सपाट कॅनव्हासचे चालतील.

जॅकेट कॅनव्हास-लेदरचं, कडक, पाठीला आधार देणारं. ते अंगावर मोजून शिवून घ्या. वयाने वाढणाऱ्या मुलांसाठी क्लबमध्ये वापरलेलं मिळतं, तेच घ्या. जाडी आणि कडकपणा किती चालतो याचे नियम आहेत, स्पर्धेत यंत्रावर तपासतात.

आता मुंबईचा भाग. मे महिन्यात त्या जॅकेटच्या आत काय होतं ते लिहिण्यात अर्थ नाही, अनुभवाल. आत पातळ सुती पूर्ण बाह्यांचा बनियन घाला, दर प्रॅक्टिसला दुसरा. घरी आल्यावर जॅकेट बॅगेतून काढून पंख्याखाली, उलटं करून. पावसाळ्यात बॅगेत राहिलं तर आठवड्यात ग्लोव्हवर हिरवी बुरशी धरते. वॉशिंग मशीनमध्ये तर चुकूनही नको. रायफलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनपासून गणपतीपर्यंत नळी कोरडी आहे ना ते वरचेवर पाहा.

रायफल कधी घ्यायची? कोच "आता क्लबची रायफल तुला अडवतेय" म्हणतील तेव्हा. हल्ली भारतीय बनावटीच्या चांगल्या एअर रायफली मिळतात, सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यावर निघतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ या जर्मन रायफलींचं स्वप्न सगळ्यांनाच पडतं. त्या लाखांच्या घरात आहेत, आणि वापरलेली घेताना सिलिंडरवरची तारीख आधी पाहा, ठरावीक वर्षांनंतर ते बाद होतं. हवा साधारण २०० बार दाबाने भरतात, त्यामुळे जुन्या सिलिंडरशी दोस्ती नको. पेलेट सपाट तोंडाचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. डब्यात ५०० असतात. महागडा डबा घेण्याआधी तुमच्या नळीला कोणता मानवतो ते पाच-पाच शॉटच्या झुबक्यांवरून ठरवा.

कायदा आणि लोकल

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल जेमतेम सात-आठ जूलची, म्हणजे ती यात आरामात बसते. त्याहून मोठ्या कॅलिबरची किंवा जास्त ताकदीची एअरगन मात्र परवान्याखाली येते. दुकानदार "चालतं हो" म्हणाला तरी घेऊ नका, स्पर्धेत तिचा उपयोगही नाही. पॉइंट टू टू ची (.२२ बोअरच्या, काडतुसाच्या रायफलची) गोष्ट वेगळी. तिला परवाना लागतो, आणि ती पायरी फार पुढची आहे.

परवाना नसला तरी पावती, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धा असेल तर तिचं पत्र पेटीच्या वरच्या कप्प्यात हवं. रायफल कायम बंद, कुलूप लावलेल्या पेटीत, पेलेट वेगळे. सीएसएमटीवर २००८ साली काय झालं ते या शहरात कोणी विसरलेलं नाही, तेव्हा लांब पेटीकडे दोनदा पाहणाऱ्या जवानाचा राग मानू नका. विचारलं तर कागद दाखवा, सांगितलं तरच पेटी उघडा, आणि प्लॅटफॉर्मवर कोणाही हौशी माणसाला "बघू, बघू" म्हणून दाखवू नका.

गर्दीच्या वेळी ती पेटी घेऊन डोंबिवलीहून चढणं हा वेगळा खेळ आहे. मी सकाळी फार लवकर किंवा दुपारीच निघते. एकदा लगेजच्या डब्यात मासेवाल्या मावशींशेजारी उभी होते. "काय गं, कीबोर्ड हाय का?" मी हो म्हटलं. दादरपर्यंत त्या "वाजव ना" म्हणत होत्या.

पहिली स्पर्धा

क्लबच्या आतल्या स्पर्धेने सुरू करा. मग जिल्हा आणि खुल्या स्पर्धा, मग महाराष्ट्र रायफल असोसिएशनची राज्य स्पर्धा, ती कॅप्टन इझिकिएल यांच्या नावाने होते. तिथे ठरलेले किमान गुण मिळाले की पुढचं दार उघडतं: अखिल भारतीय ग. वा. मावळंकर स्पर्धा. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही ते पहिले अध्यक्ष. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा. किमान गुण आणि नावनोंदणीच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या त्या वर्षीचं परिपत्रकच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारं जुनं नको. साध्या ओपन साइटचा आणि पीप साइटचा (डायऑप्टरसारख्या बारीक छिद्राच्या) गट वेगळा असतो, फॉर्मवर चुकीच्या चौकटीत खूण केली तर त्या दिवशी कोणी ऐकून घेत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी मास्टर्स गट आहे. तिथली मंडळी फार मजेशीर असतात, आणि फार चांगलं मारतात.

स्पर्धेच्या दिवशी तुमच्या डिटेलच्या (तुमच्या तुकडीच्या पाळीच्या) निदान दीड तास आधी पोचा. आधी साहित्य तपासणी: रायफलचं वजन, जॅकेट, पँट, बूट. मग लेन नंबर. पंधरा मिनिटं तयारी आणि साइटर, हवे तितके मारता येतात आणि मोजत नाहीत. त्यानंतर "मॅच फायरिंग, स्टार्ट" ऐकलं की पुढचा प्रत्येक शॉट धरला जातो. साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं. नवा माणूस घाईघाईत अर्ध्या तासात उरकतो आणि उरलेला वेळ बाकावर बसून पस्तावतो. दहा शॉट झाले की रायफल स्टँडवर ठेवा, घोटभर पाणी प्या, डोळे लांब कुठेतरी लावा, मग पुढची दहा. काही बिघडलं तर नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर करा, रेंज ऑफिसर येतील. स्वतः स्क्रू काढत बसू नका.

आणि लेन नंबर बघा, प्रत्येक वेळी रायफल उचलताना. माझ्या दुसऱ्या स्पर्धेत सुंदर होल्ड, मऊ ट्रिगर, मनात "दहा पूर्णांक चार", आणि माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. शेजारच्या मुलीच्या स्क्रीनवर मात्र एक जादा दहा. मी तिच्या टार्गेटवर मारला होता. तिचा जादा शॉट रद्द झाला, माझा शून्य धरला. साठ शॉटांत एक शून्य म्हणजे वर यायची वाट बंदच. ती मुलगी बारावीत होती. मॅच झाल्यावर येऊन म्हणाली, "काकू, शॉट मस्त होता हं पण."

शेवटी "स्टॉप, अनलोड" झालं की नळी रिकामी करून दाखवा, सेफ्टी दोरी घाला, आणि तपासणी झाल्याशिवाय लेन सोडू नका. प्राथमिक निकाल लागल्यावर गुणांबद्दल हरकत घ्यायला दहा मिनिटंच असतात, तेवढ्यात चहाला जाऊ नका. वहीत तीन ओळी लिहा: कोणत्या दहाच्या मालिकेत घसरलो, तेव्हा मनात काय चालू होतं, पाय कुठे होते. आकडे नंतरही मिळतात, या तीन गोष्टी ट्रेनमध्ये बसेपर्यंत विसरतात.

डबा खाणारा तो मुलगा येत्या शनिवारी दादरला येणार आहे. रिकाम्या हाताने ये म्हटलंय. बूट मात्र सपाट घाल, आणि पोटभर खाऊन येऊ नको, पहिला तासभर तुला नुसतं उभंच राहायचंय.